बिनविरोध गावाकडे

ज्यांनी बीड जिल्हा केवळ बातम्यांतून पाहिला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. निघण्यापूर्वी मीही त्यांच्यातलीच होते. फक्त माझ्याकडे बातम्यांऐवजी आकडे होते.

मी संख्याशास्त्राची संशोधक. मतदानाचा टक्का खरोखर घटतो आहे का, आणि घटत असेल तर नेमका कुठे व कोणाचा, हा माझ्या प्रबंधाचा विषय. मराठवाड्यातल्या गावांची माहिती लावताना केज तालुक्यातल्या एका गावापाशी काम अडले. विधानसभेला आणि लोकसभेला हे गाव भरभरून मतदान करत होते. ग्रामपंचायतीच्या रकान्यात मात्र वर्षानुवर्षे काहीच नव्हते. शून्यसुद्धा नव्हते. शून्याचा अर्थ मोजले आणि काही निघाले नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ मोजायला काही घडलेच नाही. मार्गदर्शकांनी ते गाव वगळून पुढे जायला सांगितले. मला वगळणे जमत नाही. तिथे ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाल्याचे कळले, एका मैत्रिणीचे मामा त्याच गावचे निघाले, आणि थंडी पडू लागताच मी पुणे सोडले. गावाचे नाव लिहिणार नाही. युसूफ वडगावच्या बाजाराला जी गावे जातात त्यांतले ते एक, एवढे पुरे.

मांजरसुंबा

कडा गावापाशी साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून आत आला, आणि तिथून पुढे जमीन हळूहळू उघडी होत गेली. काळे रान, मध्येच खडकाळ माळ, वेचणी संपून करडी पडलेली कापसाची पऱ्हाटी. मांजरसुंब्याच्या चौकात सकाळीच उतरले तेव्हा चारही दिशांच्या गाड्या एकाच वेळी हॉर्न वाजवत होत्या. ढाब्यावर पिठले, ज्वारीची भाकरी आणि असा ठेचा मिळाला, की माझे प्रश्न काही मिनिटे आपोआप बंद झाले.

शेजारच्या बाजेवर जेवत असलेल्या जीपचालकाला मी मतदानाविषयी विचारले. लोक कंटाळलेत का, जातात का, असे. त्याने भाकरीचा तुकडा मोडत माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मतदान लई होतं आमच्याकडं, ताई. माणसं तीच निघतात, ते सोडा."

माझ्या सोसायटीत मतदानाच्या दिवशी निम्मे फ्लॅट कुलूपबंद असतात. जोडून सुट्टी आली की लोक कोकणात जातात आणि परतल्यावर देशाविषयी तक्रार करतात. त्यांना कोणी अडवत नाही, कोणी बोलावतही नाही. मतदान न करणे म्हणजे आळस, हे माझे गृहीतक तिथूनच आले होते. ढाब्यावर ते मला अजून पक्के वाटत होते.

गावात

मैत्रिणीच्या मामांना सारे गाव आबा म्हणते. उंच, कमी बोलणारे, बागायती जमिनीचे मालक. वेशीवरच एक रंगवलेला फलक होता: आमचे गाव, बिनविरोध गाव. आबांनी तो मला स्वतः दाखवला, जसा एखादा आपल्या मुलाचा सत्कार दाखवतो.

रिकाम्या रकान्याचे उत्तर असे पहिल्या तासाभरातच मिळाले. अर्ज एकच येत असेल तर मतदान होतच नाही.

सुमनकाकूंनी, म्हणजे आबांच्या पत्नींनी, येसर आमटी आणि बाजरीची भाकरी वाढली. भाजलेल्या डाळी-धान्यांच्या पिठाची ती तिखट, दाट आमटी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. जेवताना आबांनी सारे सांगितले. पूर्वी पंचायतीची निवडणूक आली की गाव फाटायचे. एका निवडणुकीत भावकीत काठ्या निघाल्या आणि आबांच्या धाकट्या भावाचा डोळा गेला. त्यानंतर आबांनी प्रत्येक घरचा पुरुष खंडोबाच्या देवळासमोर बोलावला आणि बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ घेणे, याहून पक्के वचन या भागात नाही. कोर्टात खोटे बोलणारा माणूसही ते मोडत नाही. शपथेचे शब्द आबांचेच होते: गावात पंचायतीचे मतदान होऊ देणार नाही, आणि झालेच तर त्या खोलीची पायरी चढणार नाही. तेव्हापासून कोण सरपंच होणार ते देवळासमोर बसून ठरते. "डोकी फुटली न्हाईत बाळ, त्या दिवसापासून," आबा म्हणाले. "तुझ्या टक्क्यात हे कुठं मांडशील?"

प्रश्न रास्त होता. मी तो वहीत लिहून घेतला.

यंदा सरपंचपद महिलेसाठी राखीव होते आणि देवळासमोर आबांच्या सुनेचे नाव ठरले होते. सून मुलांच्या शाळेसाठी संभाजीनगरला राहते, सहीपुरती येईल. हे सांगून काकू उठल्या आणि भाकरी आणायला आत गेल्या. मग बऱ्याच वेळाने, आबा हात धुवायला गेले असताना, त्यांनी ताटाकडे पाहत हलकेच सांगितले की या वेळी एक अर्ज जास्तीचा आला आहे. मेंढरेवाल्या म्हाळूच्या बायकोचा, केशरचा. अर्ज मागे घेण्याची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला संपणार होती.

पऱ्हाटीतला वाडा

दुपारीच मी केशरला भेटायला गेले. म्हाळू आणि केशरने मेंढरांचा वाडा एका रिकाम्या पऱ्हाटीत लावला होता. इथली रीत अशी: पीक निघाले की शेतकरी मेंढपाळाला रान देतो. मेंढरे दिवसा पाला खातात, रात्री तिथेच बसतात, आणि त्यांच्या लेंड्यांनी जमीन खतावते. दोघांचेही भागते. पावसाळ्यात रानात पिके उभी असतात तेव्हा मेंढरांना एकच जागा उरते, गावाचे गायरान.

केशर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कोकराला पाजत बसली होती. मी माझ्या येण्याचे कारण सांगून आलेखांचे कागद बाहेर काढले, आणि मी बोलत असताना तिच्या एका शेळीने मराठवाड्याच्या टक्केवारीचा उजवा कोपरा खाऊन टाकला. केशर इतकी हसली की कोकरू हातून निसटले. त्यानंतर बोलणे सोपे गेले.

तिने अर्ज भरण्याचे कारण दोन वाक्यांत मावणारे होते. गायरान सौर प्रकल्पाला भाड्याने द्यायचे ठरले आहे; तारेचे कुंपण पडले की मेंढरे आत जाणार नाहीत. ज्या ग्रामसभेत हे ठरले, त्या सभेला बोलावल्याचे गावातल्या एकाही बाईला आठवत नव्हते.

मी सौरऊर्जेची समर्थक आहे. त्यावर व्याख्याने दिली आहेत. त्या व्याख्यानांत पडीक जमीन हा शब्द मी सहज वापरत असे. ज्याला मी पडीक म्हणत होते तो माळ समोर पसरला होता आणि त्यावर गावातली सगळी शेरडे-मेंढरे चरत होती.

"आन् अर्ज मागं घेतला न्हाई तर?" मी तिच्याच भाषेत विचारण्याचा प्रयत्न केला.

"तर कुणी रान देनार न्हाई. सांगून झालंय." तिने वाड्याकडे हात केला. "हे रानसुदिक उद्यापस्तोरच. म्हंजे असं बगा, गायरान गेलं तर पावसाळ्यात मरायचं, आन् उभी ऱ्हायले तर आत्ताच."

मी तिला कायद्याचे सांगू लागले: उमेदवारावर असे दडपण आणणे हा गुन्हा आहे, तक्रार करता येते, मी स्वतः तहसीलला अर्ज लिहून देईन. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तुमी काई करू नका, ताई. तुमी गेल्यावर मला हितंच ऱ्हायचंय."

मी आलेखांचे उरलेले कागद पिशवीत ठेवले.

देवळासमोर

ऊन उतरताना आबांनी म्हाळूला देवळासमोर बोलावले. पाहुणी म्हणून मला खुर्ची मिळाली. तिथे बसलेली मी एकटीच बाई. बाकीच्या पलीकडे हौदावर भांडी घासत होत्या, आणि भांडी कधीच घासून झाली असावीत, कारण आवाज थांबला होता.

आवाज कोणी चढवला नाही. चढवला असता तर मला बरे वाटले असते. आबांनी म्हाळूला एवढेच विचारले की बेलभंडारा उचलला होतास की नाही. म्हाळू बारीक अंगाचा, खांद्यावर घोंगडी, नजर खाली. उचलला होता, असे त्याने मान्य केले. मग घरात मतदानाचा खेळ कशाला मांडला, असे दुसऱ्याने विचारले. म्हाळू म्हणाला की मी मांडला नाही. त्यावर एक जण हसला, म्हणाला, "बायकू ऐकत न्हाई व्हय बे? मंग मेंढरं तरी ऐकत्यात का?" चारदोन जण हसले. म्हाळू हसला नाही. उद्या तिला तहसीलला घेऊन यायचे, असे ठरले, म्हणजे सांगितले गेले.

मग कोणीतरी माझ्याकडे पाहून म्हणाले की पुण्याची बाई दुपारभर वाड्यावर बसली होती, तिथूनच काही शिकवण आली असेल. मी उठून सांगू शकले असते की अर्ज माझ्या येण्याआधीचा आहे. सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात आबा शांतपणे म्हणाले, "उद्या आमची जीप केजला चाललीय. मॅडम, तुमाला तिथनं पुण्याची गाडी सोयीची पडंल."

दुपारी जेवताना मी 'बाळ' होते, आता 'मॅडम'. त्या रात्री काकूंनी माझे ताट वेगळे, आतल्या खोलीत वाढले.

तहसीलच्या आवारात

जीपमध्ये पुढे आबा, मागे मी आणि केशर, समोरच्या बाकावर म्हाळू. केशरच्या लुगड्याला मेंढरांचा उबदार वास होता आणि तिचे हात मांडीवर स्थिर होते.

तहसीलच्या आवारात दर झाडाखाली असेच घोळके उभे होते. पांढरे कपडे, दबके आवाज, मध्येच कोणाच्या तरी खांद्यावर टाकलेला हात. मी आत जाऊन निवडणूक अधिकाऱ्यांना विचारून आले. त्यांनी स्पष्ट सांगितले की उमेदवाराने माघारीचा अर्ज स्वतः येऊन दिला तरच, किंवा लेखी अधिकार देऊन कोणाला पाठवले तरच, माघार ग्राह्य. तीन वाजता दार बंद. मी बाहेर आले तेव्हा माघारीचा अर्ज भरून तयार होता. फक्त सही राहिली होती.

आबांनी खिशातून कापडाची पुरचुंडी काढली. आत भंडारा होता, आणि देवळातून आणलेले बेलाचे पान. म्हाळूला आपल्या वचनाची आठवण राहावी म्हणून ते त्यांनी बरोबर घेतले होते. पुरचुंडी त्यांनी म्हाळूपुढे धरली. म्हाळूने हात जोडले.

केशरने अर्ज हातात घेतला, वाचला, आणि नवऱ्याकडे वळली. "अवो, तुमी उचलला तवा मी हुते का तिथं?"

म्हाळूने नकारार्थी मान हलवली.

"गावातली कुठली बाई हुती का?"

"न्हाई."

"मंग माझ्यावर कशाचं बंधन हाय, आबा?"

आबांनी हातातल्या पुरचुंडीकडे पाहिले. मला वाटते, त्यांना ते त्या क्षणी प्रथमच दिसले. इतक्या वर्षांपूर्वी प्रत्येक घरचा पुरुष बोलावताना, पुरुष म्हणजेच घर, असे त्यांनी धरले होते. तेव्हा ते धरायला कोणाची हरकत नव्हती. आता पद बाईचे होते, उमेदवार बाई होती, आणि गावातल्या एकाही बाईने काही उचलले नव्हते.

पण आबा मुरलेले. त्यांनी पुरचुंडी तिच्यापुढे धरली. "मंग आता उचल. आजवर न्हाई उचललास, आज उचल. खंडोबाच्या नावानं गावाची एकी राख, केशर."

कचेरीच्या व्हरांड्यातल्या घड्याळात तीनला थोडाच अवकाश होता. अर्ज मागे घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या पाठीवर थापा पडत होत्या. केशरने पदर डोक्यावर सारखा केला, पायातल्या चपला काढल्या, बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा उजव्या तळहातावर घेतला आणि कपाळाला लावला. तिच्यासारख्या बाईला तो हातातून टाकून देणे शक्य नव्हते, हे एव्हाना मलाही समजत होते.

"खंडोबाच्या नावानं सांगते," ती म्हणाली, मोठ्याने नाही, पण प्रत्येक अक्षर सुटे करून, "मी अर्ज मागं घेनार न्हाई. आन् निवडून आले तर बायांना इचारल्याबिगर गायरान देनार न्हाई."

तिने मूठ मिटली.

आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. संतापापेक्षा त्यात आश्चर्य अधिक होते. ज्या हत्याराची धार त्यांनी स्वतः राखली, तेच त्यांनी तिच्या हातात दिले होते. बरोबरचा एक जण तावातावाने म्हणू लागला की असली शपथ चालत नाही, तिला आत न्या, सही घ्या. तेव्हा म्हाळू पहिल्यांदाच मान वर करून बोलला. "आबा, आता तिला मोडाया लावू नका. माझ्या घरावर येईल. तुमच्याबी."

आबांनी पुरचुंडी बांधली आणि खिशात ठेवली. काही वेळाने आत दार लोटल्याचा आवाज आला.

परतीच्या जीपमध्ये जागा नाही, असे चालकाने म्हाळूला सांगितले. ती दोघे रस्त्याने चालत निघाली. मला पुण्याची गाडी मिळाली, आणि मांजरसुंब्यापर्यंत मी एकच गोष्ट घोकत होते, की त्या रात्री त्यांची मेंढरे कुठे बसणार.

पुन्हा, मतदानाच्या दिवशी

राहवले नाही, म्हणून मतदानाला परत गेले. निकाल आधीच सांगून टाकते, कारण तो या लेखाचा शेवट नव्हे: केशर थोड्या मतांनी निवडून आली. सांगायचे आहे ते त्या दुपारविषयी.

मधल्या दिवसांत गावात कोणीच रान दिले नव्हते. मेंढरे रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्यात बसवून म्हाळू रात्र-रात्र जागत होता. दोन कोकरे गाडीखाली गेली होती. केशर दारोदार प्रचाराला गेली नाही. ती हौदावर जात असे, एवढेच.

शाळेच्या खोलीत यंत्र मांडले होते. बाहेर बायांची रांग लागली होती. काही जणींनी ठेवणीतली लुगडी काढली होती. काही तरुण मुले, जी शपथेच्या वेळी जन्मलीही नव्हती, घुटमळत येऊन मतदान करून गेली. आबांची सून गाडीतून आली, मत देऊन गेली. मात्र ज्यांनी बेलभंडारा उचलला होता त्या पुरुषांतला एकही पायरी चढला नाही. आबांना त्यांच्याच माणसांनी गळ घातली होती, म्हणे: देवाला नैवेद्य दाखवू, कौल घेऊ, मोकळे होऊ, नाहीतर सीट जाते. आबांनी नकार दिला. शब्द आपलेच होते, असे ते म्हणाले.

माझ्या तक्त्यात या गावापुढे आता एक आकडा येईल, निम्म्याच्या आसपासचा. पुण्यात बसून तो वाचणारा म्हणेल, किती ही उदासीनता. मीही महिनाभरापूर्वी हेच म्हणाले असते. त्या आकड्यातला रिकामा अर्धा भाग माझ्यासमोर शाळेच्या कुंपणाबाहेर दगडी कट्ट्यावर बसला होता: एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला म्हाळू. एकाला आपल्या सुनेला मत देता येत नव्हते, दुसऱ्याला आपल्या बायकोला. दोघेही दाराकडे पाहत होते. म्हाळूची मेंढरे मागे ओढ्यात दाटीने उभी होती.

मी म्हाळूला विचारले, वाईट वाटते का. तो म्हणाला, "मत न्हाई देता येत. पन आज मेंढरं मी धरलीत. केशर मोकळी हाय." मग आबांकडे न पाहता हळूच जोडले, "त्यांनी मोडलं न्हाई, तर मी कसं मोडू?"

दुपार कलल्यावर सुमनकाकू खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी बोटावरची शाई पदराने पुसून पाहिली; निघाली नाही. कट्ट्यापाशी येऊन त्या थांबल्या, आबांपासून हातभर अंतरावर, आणि म्हाळूला म्हणाल्या, "म्हाळू, आज रातच्याला मेंढरं आमच्या वढ्याकाठच्या रानात बसीव. पऱ्हाटी उपटून झालीय."

म्हाळू उठला नाही. तो आबांकडे पाहत होता. कट्ट्यावरचे सगळेच पाहत होते.

आबा काकूंच्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी उचलली, कट्ट्यावरून उतरले, आणि घराच्या दिशेने चालू लागले. थोडे अंतर गेल्यावर, मागे वळून न बघता, त्यांनी मोठ्याने विचारले, "तुजी कुत्री बांधून ठिवशील का रं म्हाळू? आमच्या रानातल्या हिरीकडं मेंढरं जाऊ दिऊ नको."

म्हाळूने ओढ्याकडे वळून शीळ घातली.